पोट न पाहिलेला खेकडा

हे लिहायचा मला काय अधिकार, हा प्रश्न पहिल्याच ओळीला आडवा येतो. पंजाबच्या त्या दहशतीच्या वर्षांबद्दल ज्यांनी लिहायला हवं त्यांची घरं तिथे होती, त्यांची माणसं तिथे गेली. मी तर बाहेरून शिकायला आलेला मुलगा. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नाही. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कोणी पत्रापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही शेजाऱ्याकडून लिहून घेतलेली. तेव्हा चुकलंमाकलं तर वाचणाऱ्याने माफ करावं. मला एका खेकड्याबद्दल सांगायचं आहे, आणि त्या खेकड्यापायी मी एका माणसाला घरी जायला लावलं, त्याबद्दल.

आमचं गाव मालवणजवळ, खाडीच्या काठाला. वडील दुसऱ्याच्या होडीवर जायचे. आई बाजारात कुर्ल्या विकायची. खेकड्याला आमच्याकडे कुर्ली म्हणतात. गिऱ्हाईक समोर उभं असताना आई कुर्ली मागून उचलायची, उलटी करायची आणि पोटावर अंगठा फिरवायची. पोटाशी दुमडलेली पट्टी अरुंद, टोकदार असली की नर. रुंद, गोल असली की मादी. अंड्यांनी भरलेली मादी असली तर ती विकायची नाही. वेगळ्या टोपलीत टाकून संध्याकाळी खाडीत सोडून यायची. हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो. त्याचा पुढे कॉलेजात काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

भूशास्त्रात पदवी घेतल्यावर प्रवेश आणि वसतिगृह दोन्ही जिथे मिळालं, तिथे गेलो. ते चंदीगड निघालं. सरळ रस्ते, नंबर दिलेले सेक्टर, उत्तरेला डोंगर, आणि समुद्र कुठेच नाही. पहिले काही महिने मी त्या रस्त्यांनाच घाबरत होतो, कारण सगळे सारखे दिसत. मग घाबरायला दुसरी कारणं मिळाली. चौकाचौकांत वाळूची पोती रचलेली. संध्याकाळी सहानंतर बाजार ओस. कँटीनमधला रेडिओ बातम्यांना मोठा केला जायचा. भिंतींवर कागद चिकटवलेले असत: बेवारस वस्तूला हात लावू नका. ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी, काहीही. बसायच्या आधी खुर्चीखाली वाकून बघायची सवय मला तेव्हा लागली. ती अजून गेलेली नाही.

विभागात आमचे सर जुन्या समुद्राचा अभ्यास करत. हिमालय उभा राहायच्या आधी त्या जागी समुद्र होता आणि त्याचा गाळ आता कालक्याच्या वरच्या डोंगरांत दगड होऊन बसला आहे. त्या दगडांत शिंपले सापडतात आणि नशीब असेल तर खेकडा. सरांच्या हाताखाली दोघे होतो. एक मी. दुसरा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा सरदार, सीमेकडच्या जिल्ह्यातल्या एका कसब्याचा. सगळे त्याला पाजी, म्हणजे पंजाबीत थोरला भाऊ, म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे पाजीचा हात फार हलका. शिवणयंत्राची सुई लाकडी मुठीत बसवून तो दगडाचा एकेक कण उडवायचा आणि तोंडाने हळू काहीतरी गुणगुणायचा.

नंबर घालायला त्यानेच मला शिकवलं. नमुन्याच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने आकडा, आकड्याखाली एक बारीक रेघ, म्हणजे सहा उलटा धरून नऊ वाचला जाऊ नये.

"ओए मराठे," तो म्हणायचा, "नाव पुढे बदलतं. आज एक म्हणतात, उद्या दुसरा येऊन खोडतो. नंबर बदलत नाही. नंबर हरवला की तो नुसता दगड."

एका मार्चमध्ये ओढ्याच्या कडेला मला नारळाएवढा गोल दगड मिळाला. पाजीने हातोडीचा एक टोला घातला. दगड उघडला आणि आत पाठ दिसली. कवचाची कड, दोन्ही बाजूंचे काटे, डोळ्यांच्या खोबणी. मी ओरडलो, "कुर्ली!" पाजी हसत खालीच बसला. त्या दगडाचा नंबर पुढे के-सतरा झाला, पण पाजी त्याला शेवटपर्यंत ‘तुझी कुरली’च म्हणायचा.

त्याच दिवशी परत येताना शहराच्या अलीकडे नाक्यावर बस थांबवली. सगळ्यांना खाली उतरवून रांगेत उभं केलं. एका जवानाने माझं ओळखपत्र घेतलं, आडनाव वाचलं आणि बंदूक खांद्यावर सरकवत एकदम मराठीत विचारलं, "कुठला रं तू?"

"मालवणचा."

"मी साताऱ्याकडला. आन् हितं काय करतुयास? जा, बस गाडीत. घरी पत्र टाकत जा, आई काळजी करत आसंल."

मी गाडीत जाऊन बसलो. खिडकीतून दिसत होतं. पाजीचे हात वर होते. त्याची पिशवी रस्त्यावर उलटी केली होती आणि आमचे दगड इकडेतिकडे घरंगळले होते.

"हे काय?" दुसरा जवान हिंदीत विचारत होता.

"दगड आहेत जी."

"कशाला?"

"अभ्यासाला."

"दगडांचा अभ्यास! आणि हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला?" त्याने के-सतरा उचलला, हातात तोलला. तो आता रस्त्याकडेच्या खड्ड्यात भिरकावणार असं दिसत होतं. मी खाली उतरून सांगायला हवं होतं की तो माझ्याबरोबर आहे, दगड आमचे आहेत, विद्यापीठाचे आहेत. मी पुढच्या सीटची दांडी धरून बसून राहिलो. तेवढ्यात साताऱ्याचा जवान कुतूहलाने जवळ गेला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आरं, हे तर खेकडं हाय की!" मग हिंदीत समजावलं, केकडा है, केकडा. दोघे हसले. दगड परत मिळाला.

पाजी येऊन माझ्या शेजारी बसला. पगडी नीट केली. मग म्हणाला, "तुझ्या मुलखातल्या माणसाने एका नजरेत ओळखलं. सरांना तीन दिवस लागतील."

मी हसलो नाही. "पाजी, मी उतरायला..."

"छड्ड यार," तो म्हणाला. सोड. आणि खिडकीकडे बघत राहिला.

सरांना तीन दिवस नाही, तीन महिने लागले. आमच्याकडे आधीचा एक खेकडा होता, के-नऊ. तो पोटाच्या बाजूने दिसत होता: अरुंद पट्टी, मोठ्या नांग्या, लांब काटे. के-सतराची फक्त पाठ दिसत होती. पोट दगडात रुतलेलं. त्याचं कवच जास्त रुंद, काटे आखूड, नांग्या लहान. सरांनी मोजमापं घेतली, जुन्या ग्रंथांतली चित्रं काढून पाहिली आणि ठरवलं की या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि दुसरी अगदी नवी. नवं नाव द्यायचं. लेख वर्षाअखेरीस पाठवायचा, आणि पाजीच्या प्रबंधाचा मुख्य भाग तोच.

मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं. आमच्या खाडीत नर आणि मादी शेजारी ठेवली तर अशीच दिसतात. मादी रुंद, नांग्या लहान. पण मी कोण सांगणारा? माझी शिष्यवृत्ती सरांच्या सहीवर चालायची. मी गप्प राहिलो. नाक्यावर राहिलो तसाच.

उन्हाळ्यात पाजीने एक गोष्ट केली जी आमच्या कामात करायची नसते. के-सतरा तो घरी घेऊन गेला. नमुना संग्रहाच्या खोलीबाहेर न्यायचा नाही, हा नियम. पण सुट्टीत दोन आठवडे विभाग बंद असणार होता, आणि वडिलांच्या दुकानात भिंग होतं, दिवा होता, घड्याळांची बारीक हत्यारं होती. "बापूजी ते काटे असे साफ करतील की सर चष्मा काढून बघतील," तो म्हणाला. ट्रेमध्ये त्याने प्लास्टरची प्रतिकृती ठेवली. दगडाचा रंग दिला, ठिपका घातला, नंबर लिहिला. नंबरखालची रेघ मुद्दाम घातली नाही, म्हणजे आम्हाला दोघांना खूण पटावी. सुट्टी संपली तेव्हा बापूजींचं काम अर्ध्यावर होतं, म्हणून दगड तिकडेच राहिला. पुढची सगळी मोजमापं आम्ही प्लास्टरवर घेतली. पाठ हुबेहूब होती. खालून नुसतं सपाट प्लास्टर.

दिवाळीनंतर मी घरी पत्रात सहज विचारलं, की नुसत्या पाठीवरून मादी ओळखता येते का. उत्तर धाकट्या बहिणीच्या अक्षरात आलं. ती तेव्हा नववीत होती आणि आई, आमच्या बोलीत आवस, बोलेल तसंच उतरवायची: "आवशीन सांगल्यान, पोट बघल्याशिवाय नर-मादी सांगा नको. आणि थंय बॉम फुटतत, तर तू घराक ये."

ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी पाजीसमोर ठेवलं आणि अर्थ सांगितला. वाटलं, तो चिडेल. त्याच्या प्रबंधाचा मुख्य भागच मी खोडत होतो.

त्याने सुई खाली ठेवली. के-नऊ उचलला, पोटाकडून बघितला. मग प्लास्टरचा तुकडा उलटा केला, त्या सपाट पांढऱ्या बाजूकडे बघितलं.

"किती दिवस माहीत होतं तुला?"

"पहिल्यापासून वाटत होतं."

"आणि बोलला नाहीस." तो रागावला नव्हता. "मराठे, तू दगडाला घाबरतोस, सरांना घाबरतोस, खुर्चीला घाबरतोस. चुकीचं नाव छापलं गेलं असतं, त्याला नाही घाबरलास?"

मी म्हटलं, टपालाने मागवू. तो म्हणाला, तिकडचं टपाल पोहोचेल तेव्हा पोहोचेल. आणि एवढं जड पार्सल आजकाल कोण घेईल? फोन दुकानात नव्हता. लेख पाठवायला तीन आठवडे उरले होते. "मी जातो. बापूजी दोन दिवसांत पोट उघडतील. शुक्रवारी निघतो, सोमवारी तुझी कुरली ट्रेमध्ये."

त्याला थांबवायला हवं होतं. गेल्याच आठवड्यात त्या रस्त्यावर बंदूकधाऱ्यांनी एक बस अडवली होती. मी म्हटलं, "पाजी, आत्ता नको."

"तूच म्हणालास ना, पोट बघितल्याशिवाय नाही," तो हसून म्हणाला. शुक्रवारी सकाळी मी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो. त्याने सीटखाली वाकून बघितलं आणि मला डोळा मारला.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारी रेडिओने सांगितलं की त्या भागात कर्फ्यू आहे. मला जरा बरंही वाटलं. कर्फ्यू असेल तर माणूस घरातच असणार. पुढच्या सोमवारीही तो आला नाही. मी रोज सकाळी विभागाच्या दारातल्या टपालपेटीपाशी उभा राहायचो. कँटीनमध्ये वर्तमानपत्र उघडायचो आणि मेलेल्यांच्या नावांच्या यादीवरून बोट फिरवायचो. त्याच्या कसब्याचं नाव आलं की पान मिटायचो आणि पुन्हा उघडायचो. रात्रभर झोप यायची नाही असं नाही. झोप यायची, पण स्वप्नात मी बसच्या खिडकीत बसलेला असायचो आणि बाहेर त्याचे हात वर.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी ट्रे मागवला. लेखासाठी फोटो काढायचे होते. त्यांनी प्रतिकृती उचलली आणि वजनावरूनच त्यांना कळलं. माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं: घरी नेलेला दगड, नंबरखालची रेघ, आईचं पत्र, नर आणि मादी. सांगताना मला वाटत होतं की आता शिष्यवृत्ती गेली आणि मी मालवणच्या गाडीत बसलो.

सर खुर्चीत बसले. प्रतिकृती टेबलावर पालथी ठेवली. "दगडाचं राहू दे," ते म्हणाले. "मुलगा कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी तार केली. उत्तर नाही. तिकडे कोणा ओळखीच्या माणसाकडे चौकशी केली. तो म्हणाला, दुकान बंद आहे, शेजारी बोलत नाहीत. सरांनी लेख पाठवला नाही. रोज सकाळी आत येताना माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचो, नाही.

डिसेंबर गेला. जानेवारीचं धुकं आलं. मी त्याच्या टेबलावरची धूळ पुसायचो, सुया तशाच मांडून ठेवायचो. आईला लिहिलं नाही की तिच्या एका वाक्यावरून काय झालं. मीच ते वाक्य तिथवर नेलं होतं. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, आणि तेही नेमकं तेव्हा.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी विभागाच्या पायऱ्यांशी पाच-सहा जण लांब उभे राहून काहीतरी बघत होते. पोस्टमन पार्सल ठेवून गेला होता. जाड कापडात शिवलेलं, लहान पण जड. वर माझं नाव आणि विभागाचा पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव नाही. शिक्का पुसट.

"हात लावू नको," आमचा प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणाला. तो गढवालचा, वयाने मोठा, मला मुलासारखं वागवायचा. "पोलिसांना कळवलंय. मागे हो, बेटा."

मी मागे होणारच होतो. माझे पाय तर आधीच मागे सरकले होते. पण पत्त्याच्या खाली, कापडाच्या कोपऱ्यात, काहीतरी पांढरं दिसत होतं. दोन पावलं पुढे गेलो. पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. त्यावर काळ्या शाईने, मुंगीएवढ्या अक्षरात: के-१७. आणि खाली एक बारीक रेघ.

"बेटा, वेडा झालास का!"

मी पार्सल उचललं. दोन्ही हातांनी छातीशी धरून समोरच्या हिरवळीवर गेलो, झाडाखाली बसलो. मागून कोणीतरी ओरडत होतं. शिवण उसवेना. शेवटी दातांनी दोरा तोडला. आत कापूस, कापसात दगड, दगडाखाली घडी घातलेला कागद. दगड मी उलटा केला नाही. आधी कागद उघडला. हिंदीत होता. अक्षर पाजीचं नव्हतं. बारीक, सरळ, एकसारखं, घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखं.

पण बोलत होता पाजीच. त्याने लिहवलं होतं:

"ओए मराठे. अक्षर बापूजींचं आहे. माझा उजवा हात अजून पेन धरत नाही. घरी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेले. कोण, ते विचारू नकोस. परवा सोडलं. मी जिवंत आहे, सरांना सांग. परत येणार नाही. घरचे मला दूर मामाकडे पाठवतायत आणि मीही जातोय. मी नव्हतो तेवढे दिवस बापूजी दुकान बंद करून आत बसून तुझ्या कुरलीचं पोट साफ करत होते. म्हणतात, हात रिकामे ठेवता येत नव्हते. पट्टी रुंद आहे. गोल आहे. दोन जाती नाहीत, एकच आहे. मादी आहे. आईला कळव."